कुसवाडे, डावीकडचं

बोरसे सरांनी मला सतरा वर्षं 'चाळीसगाव' म्हणून हाक मारली. त्यातली पहिली तीन वर्षं मी त्यांचा विद्यार्थी होतो आणि पुढची चौदा त्यांच्याच विभागात, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा सहकारी. मधल्या काळात माझं लग्न झालं, दोन मुलं झाली, धुळ्याला देवपुरात घर झालं. पण सरांच्या लेखी मी चाळीसगावहून निघालोच नव्हतो. माझ्या लग्नात त्यांनी दिलेल्या पाकिटावर 'चि. चाळीसगाव यांस' असं लिहिलेलं होतं. हा कोण नातेवाईक, असं बायकोनं विचारलं तेव्हा मी विषय बदलला.

देवपुरातल्या आमच्या कॉलेजात सर संख्याशास्त्र शिकवायचे. उंच, वाळका माणूस. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं. एक लिहायचं आणि दुसरं कुणी मागितलं तर द्यायचं. दुसऱ्यात शाई नसे. "घ्या की, पण चालत नाही ते," असं म्हणून ते अगदी मोकळ्या मनानं पुढं करायचे.

हजेरीपटावरची नावं त्यांनी कधी वाचली नाहीत. त्याला कारण होतं. "एका वर्गात अठरा पाटील," ते म्हणायचे. "त्यातले पाच सुनील. हाक मारली की पाच जण उठतात आणि ज्याला मारली तो झोपलेला असतो. गाव सांगितलं की माणूस सापडतो." म्हणून हजेरी गावांची. "सोनगीर!" "हजर." "कापडणे!" "हजर." "न्याहळोद!" "सर, न्याहळोद आजारी आहे." बाहेरून जाणाऱ्याला वाटावं की आत एसटीचं वेळापत्रक वाचतायत. एका गावचे दोघे असले तर बाकावरून फरक व्हायचा. डावीकडच्या रांगेत बसणारा डावीकडचं, उजवीकडचा उजवीकडचं. माणूस एकदा गाव झाला की नपुंसकलिंगी होतो, याचं सरांना काही वाटत नसे.

ही पद्धत पहिल्यांदा अडचणीत आली ती अशी. एका मुलीच्या स्थळाची चौकशी करायला चाळिशीतले दोन गृहस्थ विभागात आले. सर म्हणाले, "सोनगीर ना? हुशार मुलगी. अभ्यासात एक नंबर, बोलणं मोजकं." गृहस्थ खूश होऊन सोनगीरला गेले, पत्ता विचारत एका घरी पोचले, पोहे खाल्ले, मुलगी बघितली आणि निघताना कळलं की ही ती नव्हे. त्या वर्षी वर्गात सोनगीरच्या दोन मुली होत्या. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. सर म्हणाले, "दोघीही हुशार आहेत. पोहे वाया गेले नाहीत." मला आता वाटतं, आम्ही सगळ्यांनी तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

विभागातल्या वस्तूंनाही नावं होती. कपाटांना तालुक्यांची. "भाऊ, साक्री उघडा," असं ते शिपायाला सांगायचे. शिरपूर नावाचं कपाट कधी नीट लागायचं नाही आणि त्याच्या दारात कायम पुठ्ठा खोचलेला असायचा. शिरपूरकडून आलेल्या एका नव्या प्राध्यापकानं याबद्दल लेखी नापसंती नोंदवली होती. सरांनी तो कागद शिरपूरमध्येच ठेवला.

एवढं सांगितलं की सर विक्षिप्त वाटतात, आणि ते होतेच. पण या गावांच्या वेडातून त्यांनी एक काम केलं होतं, ते कुणी सांगितलेलं नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. दर दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या गावच्या सार्वजनिक विहिरीत दोर सोडायचा. दोराला हाताहातावर गाठ. काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी लागल्या ते लिहून आणायचं. गाठी आणल्या नाहीत तर जर्नलवर सही नाही. अशी सव्वीस वर्षं. एकशे बारा गावं, प्रत्येक गावाची वेगळी वही, सगळ्या वह्या साक्रीत. गाठी जितक्या जास्त तितकी विहीर खोल आणि गाव कोरडं, इतका साधा हिशेब.

त्यात सगळ्यात कोरडं गाव होतं कुसवाडे खुर्द. ते सरांचं स्वतःचं गाव. खुर्द माळावर आणि बुद्रुक नदीला चिकटून. दोघांमध्ये पाऊण कोसाचं अंतर, पण खुर्दच्या विहिरीला चाळीस गाठी लागायच्या आणि बुद्रुकला बारा. तिकडे बोलताना खुर्द-बुद्रुक कुणीच म्हणत नाही. दोन्ही नुसती कुसवाडे. कोणतं ते बोलणाऱ्याच्या हाताच्या दिशेवरून कळतं. खुर्दला सरांची थोरली बहीण होती. तिला सगळे अक्का म्हणायचे. लवकर विधवा होऊन ती माहेरी परतली आणि आई गेल्यावर सरांना तिनंच वाढवलं. दिवसातून चार वेळा ती बुद्रुकच्या नदीवरून पाणी आणायची. सरांच्या वह्यांची सुरुवात तिच्या डोक्यावरच्या हंड्यापासून झाली होती, हे मला फार उशिरा कळलं.

अठ्ठ्याण्णव साली जळगावच्या एका कार्यालयात समिती नेमली गेली. तिला सगळ्यात कोरडी दहा गावं हवी होती, तिथं बंधारे बांधायचे होते. कुणीतरी सरांच्या वह्यांबद्दल सांगितलं आणि पत्र आलं. पत्रात शेवटी अट होती की माहिती संगणकीकृत स्वरूपात सादर करावी. सर ते पत्र घेऊन माझ्याकडे आले. "चाळीसगाव," ते म्हणाले, "सव्वीस वर्षांनी कुणीतरी वही उघडा म्हणालं. पण म्हणतात, वही बंद करून उघडा."

कॉलेजात एकच संगणक होता आणि तो एकाच वातानुकूलित खोलीत. त्या खोलीत दुपारी प्राचार्य विश्रांती घ्यायचे, त्यामुळे संशोधनाची वेळ सकाळी अकरापर्यंत. माझा एक मावसभाऊ पुण्याला संख्याशास्त्र शिकत होता. त्यानं धुळे गाडीच्या कंडक्टरबरोबर एका लिफाफ्यात चार फ्लॉप्या पाठवल्या. त्यात 'आर' नावाची एक नवी, फुकट मिळणारी संगणकाची भाषा होती. "एकाच अक्षराची भाषा?" प्राचार्यांनी विचारलं. "बाकीची अक्षरं मागाहून येणार आहेत का?"

सर त्या भाषेच्या प्रेमात पडले ते एका गोष्टीमुळे. तिच्यात वस्तूला वाटेल ते नाव देता यायचं, आणि नाव आधी ठरवून ठेवावं लागायचं नाही. काम चालू असताना जे गाव समोर येईल त्याच गावाच्या नावाचा डबा तयार करता यायचा. पुस्तकी भाषेत डब्याला चल म्हणतात. सरांनी महिनाभर खपून एक फंक्शन लिहिलं. फंक्शन म्हणजे एक खोली समजा. दारातून गावाचं नाव आणि सव्वीस वर्षांच्या गाठी आत द्यायच्या. आत त्या गावाच्या नावाची पाटी लावलेला डबा तयार होणार, गाठी त्यात पडणार आणि पडद्यावर 'हजर' असं उमटणार. 'हजर' ही सरांची भर.

पहिल्या दिवशी सरांनी प्राचार्यांना आणि दोन प्राध्यापकांना बोलावलं. पडद्यावरून गावं सरकू लागली. सोनगीर हजर, कापडणे हजर, न्याहळोद हजर. सर प्रत्येक ओळीला मान डोलवत होते. शेवटचं गाव हजर झालं, आणि सरांनी ऐटीत 'सोनगीर' असं टाइप करून बटण दाबलं. मशीननं उत्तर दिलं, असा कुठलाही ऑब्जेक्ट सापडत नाही. कापडणे सापडेना. न्याहळोदही सापडेना.

"आत्ता तर हजर होतं!" सर ओरडले. मागच्या खिडकीतून पळून जाणारी पोरं त्यांना माहीत होती, पण एकशे बारा गावं एकदम पळालेली ते पहिल्यांदाच बघत होते.

मी मावसभावाला फोन करून कारण विचारलं. कारण साधं होतं. खोलीत जन्मलेलं नाव खोलीतच राहतं. काम संपलं, दार उघडलं, की आतलं सगळं झाडून पुसून टाकलं जातं. हे मी सरांना सांगितलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे हे आपल्या बैठकांसारखंच झालं," ते म्हणाले. "आत ग्रंथालय होतं, वसतिगृह होतं, नळाला पाणीसुद्धा येतं. चहा पिऊन बाहेर आलं की काही नाही." प्राचार्य तिथंच उभे होते. ते हसले, पण जरा उशिरा.

"यांना बाहेर काढ," सर मला म्हणाले. मी म्हटलं, सर, इतकी वेगवेगळी नावं बाहेर मांडण्यापेक्षा एकच मोठी पेटी करू, तिच्यात कप्पे करू, एकेका कप्प्यात एकेक गाव. मावसभावानंही तेच सुचवलं होतं. सर भडकले. "गाव काय कप्प्यात कोंबायची गोष्ट आहे? गावाला स्वतःचं नाव पाहिजे. कुणी हाक मारली की त्यानं स्वतः उठून उभं राहिलं पाहिजे." त्यांच्यापुढे माझं काय चालणार? मी फंक्शनमध्ये एक ओळ वाढवली. डबा खोलीत न ठेवता बाहेरच्या मोकळ्या अंगणात ठेवावा, असं सांगणारी. ती ओळ माझी होती, हे इथंच कबूल करून टाकतो.

पुन्हा चालवलं. सोनगीर म्हटलं की सोनगीरच्या गाठी समोर. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. गावं अंगणात आली किती, ते मी मोजून बघायला हवं होतं. मोजलं नाही.

दहा कोरडी गावं निवडायच्या वेळी सर उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "माझं गाव किती कोरडं आहे, हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण यादी मी बघणार नाही. उद्या कुणी म्हणायला नको की बोरसेनं आपलं गाव घुसवलं. तू छाप, तू पाकिटात घाल, तूच चिकटव." मी यादी छापली. तिच्यात कुसवाडे नव्हतं. हे सांगताना मला आजही शरम वाटते, पण त्या क्षणी माझ्या मनात काय आलं? सरांनी तत्त्व म्हणून स्वतःचं गाव मुद्दामच गाळलं असणार, हे. त्यांच्या पाठीला मी मनातल्या मनात नमस्कार केला आणि पाकीट चिकटवलं.

दोन महिन्यांनी यादी जाहीर झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का आमच्या विभागात आल्या. एसटीनं एकट्याच आल्या होत्या. माझ्या खुर्चीत बसल्या. मी पाण्याचा पेला पुढं केला.

"नको. ते पानी तुमनं तुमले ऱ्हाऊ द्या," त्या अहिराणीत म्हणाल्या. मग सरांकडे वळल्या. "नाना, यादीमा बठ्ठा गावं शेतस. आपलंच नही शे." बठ्ठा म्हणजे सगळी.

सर हसले. "अक्का, अशी कशी व्हई? नीट देख."

"मी देखं. मास्तरकडथीन वाची लिधं. तू देखं का?"

"मी देखी नही," सर म्हणाले. आणि ते म्हणताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. तो अक्कांनी ऐकला.

"तू मोठा साहेब व्हयना, नाना," त्या उठता उठता म्हणाल्या. "बठ्ठा जगनं पानी मोजं. आपलं तेवढं देखं नही."

अक्का गेल्यावर सरांनी साक्री उघडलं. खुर्दची वही काढली. चाळीस गाठी, एकेचाळीस, एकोणचाळीस. मग आम्ही थंड खोलीत गेलो आणि त्यांनी 'कुसवाडे' असं टाइप केलं. पडद्यावर आलं बारा, अकरा, बारा. सर त्या आकड्यांकडे बघत राहिले.

"हे उजवीकडचं आहे," ते हळूच म्हणाले. "डावीकडचं कुठं गेलं?"

डावीकडचं त्याच डब्यात गेलं होतं. आधी खुर्दच्या गाठी पडल्या. मग बुद्रुक आलं, तेही आम्ही नुसतं 'कुसवाडे' म्हणूनच दिलेलं. अंगणात त्या नावाचा डबा आधीच होता, म्हणून मशीननं तो रिकामा केला आणि बुद्रुकच्या गाठी त्यात भरल्या. तक्रार नाही, सूचना नाही. वर्गात सरांना दोन कुसवाडे बाकांवरून ओळखू यायची. मशीनमध्ये डावा बाक नव्हता. मी मोजलं तेव्हा अंगणात एकशे अकरा गावं होती.

आम्ही दुरुस्त यादी घेऊन जळगावला गेलो. समितीच्या साहेबांनी आम्हाला बसवलं, चहा दिला. सर म्हणाले, "यादीत चूक आहे." साहेब म्हणाले, "यादी कॉम्प्युटरनं काढली आहे ना सर? कॉम्प्युटर चुकत नाही." सर म्हणाले, "बरोबर आहे. तो नाही चुकला. मी चुकलो." "मग तर प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले, "यादी बरोबर आहे." सरांनी वही पुढं केली. साहेबांनी ती न उघडता मागं सरकवली. हाताचं लिखाण आम्हाला धरता येत नाही, म्हणाले. चहा मात्र चांगला होता.

त्या भाऊबीजेला सर नेहमीप्रमाणे खुर्दला गेले. अक्कांनी आंघोळीला अर्धी बादली पाणी दिलं. ओवाळलं, करंजी दिली आणि आत निघून गेल्या. हे मला सरांनी स्वतः सांगितलं, जर्नलवर सह्या करता करता, वर न बघता. इतक्या वर्षांत त्यांनी घरातली गोष्ट सांगितल्याचं मला आठवत नाही. मी शिरपूरचं दार उगाच लावत बसलो.

दिवाळीनंतर वर्गात एक चमत्कार घडला. सरांनी हजेरीपट उघडून नावं वाचायला सुरुवात केली. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, आणि गावापुढे खुर्द की बुद्रुक. अठरा पाटील, त्यात पाच सुनील, सगळे वडिलांसकट. पूर्ण तास हजेरीत गेला. पोरांना आनंद झाला, कारण शिकवायचं राहिलं. तीन दिवस तेच झालं तेव्हा प्राचार्यांनी निरोप पाठवला. सरांनी उलट निरोप पाठवला की घाई केल्यावर काय होतं ते मी बघितलं आहे. मी शेजारी बसून हे सगळं ऐकत होतो. मला मात्र ते 'चाळीसगाव'च म्हणत राहिले.

दर मंगळवारी सुट्टी टाकून सर जळगावला जायचे आणि त्या कार्यालयाच्या बाकावर वही मांडीवर घेऊन बसायचे. कुणाशी भांडायचे नाहीत. कुणी विचारलं तर वही उघडून दाखवायचे, नाही विचारलं तर संध्याकाळच्या गाडीनं परत. असे किती मंगळवार गेले ते त्यांनीही मोजले नसावेत. मार्चमध्ये यादीतल्या एका गावात बंधारा कुणाच्या शेताला लागून व्हावा यावरून दोन गट भांडले आणि गावानंच लिहून दिलं की आम्हाला नको. महिना संपायच्या आत ती जागा भरायची होती. एका कारकुनानं बाहेर बघितलं. "ते सर दर मंगळवारी येऊन बसतात ना," तो म्हणाला, "त्यांचंच गाव टाकून द्या." असं कुसवाडे खुर्द यादीत आलं. वही शेवटपर्यंत कुणी उघडली नाही.

सर निवृत्त झाले आणि अक्कांजवळ राहायला गेले. बंधारा झाल्यावर पहिल्या पावसाळ्यानंतर त्यांचं पत्र आलं, येऊन जा म्हणून. मी गेलो. बंधाऱ्यात पाणी होतं. फार नव्हतं, पण होतं, आणि त्याच्यावरून वारा येत होता. काठावर सरकारी पाटी उभी होती, 'बंधारा, मौजे कुसवाडे'. पुढे काही नाही. सर एका स्टुलावर चढून ब्रशनं त्या पाटीवर 'खुर्द' लिहीत होते. अक्का खाली रंगाचा डबा धरून उभ्या होत्या.

"नाना, मोठं लिख," त्या म्हणाल्या. "नदीवरथीन दिसाले पाहिजे."

सरांनी 'खुर्द' इतकं मोठं लिहिलं की 'कुसवाडे' त्याच्यापुढे लहान दिसायला लागलं. मग खाली उतरले, हात पुसले, आणि मला बघून थांबले. मला वाटलं कसा आहेस विचारतील. त्यांनी बंडीच्या खिशातून पेन काढलं, झाडून बघितलं, परत ठेवलं आणि दुसरं काढलं. ते चालणारं होतं. वहीचं शेवटचं पान उघडलं.

"चाळीसगाव," ते म्हणाले, "तुझं पूर्ण नाव काय रे?"

मी सांगितलं. वडिलांचंही सांगितलं. सरांनी ते सावकाश लिहिलं, एकदा मनाशी वाचलं आणि मग मान वर करून, वर्गात वाचायचे तसं, मोठ्यानं वाचलं. त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकत होतो. सर पेन हातात धरून वाट बघत उभे राहिले.

"हजर," मी म्हटलं.